परबकाका नको म्हणतात

परबकाकांना चहा हवा आहे की नको, हे चारकोपच्या आमच्या सोसायटीत आजवर एका प्रश्नात कोणालाही कळलेलं नाही.

तुम्ही विचारा, "काका, चहा टाकू?" काका म्हणणार, "नको गो, आत्ताच घेतलंय." बरं म्हणून तुम्ही आपल्यापुरता कप भरून बसलात की काका त्या कपाकडे असे बघणार की तुमचा घोट घशातच अडकावा. मग म्हणणार, "वास बरा येता. आलं घातलंस?" घातलंय, देऊ का थोडा, असं विचारलं की पुन्हा, "नको, नको, उगाच कशाक." आता माणसाने समजायचं काय? काका उठून घरी जात नाहीत, चहा घेत नाहीत, विषयही बदलत नाहीत. गुडघ्यावर हात ठेवून बसून राहतात.

मी त्यांची भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण. नाव वर्षा, स्वभाव खडूस, हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढे कोणाला धक्का बसायला नको. माझं माहेर मुलुंडचं. आमच्या आईचा नियम होता की पाहुण्याला एकदा विचारावं, नको म्हणाला की भांडं झाकावं. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे त्याला खोटं ठरवणं आणि तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे छळ. त्यामुळे अकरा वर्षांत परबकाकांनी एकटे आले असताना माझ्या घरी किती चहा घेतला असेल? तुम्हीच ओळखा.

बरं, हे फक्त चहाचं असतं तर गोष्ट वेगळी. सोसायटीच्या निवडणुकीत सगळ्यांनी एकमताने ठरवलं की सेक्रेटरी परबकाकाच. माणूस सरळ, महापालिकेच्या हॉस्पिटलात इलेक्ट्रिशियन म्हणून नोकरी केलेला, लिफ्ट बंद पडली तर मेकॅनिकच्या आधी हजर. मीटिंगमध्ये मेहताभाईंनी हात जोडून विनंती केली. काका म्हणाले, नको. मेहताभाईंनी पुन्हा विनंती केली. काका म्हणाले, नको, कोणा तरुणाला द्या. मेहताभाई पडले व्यवहारी माणूस. त्यांनी काकांचे आभार मानले आणि पाचव्या मिनिटाला तिसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी सेक्रेटरी झाले. काका सहा महिने कुलकर्ण्यांशी बोलले नाहीत. का बोलत नाहीत, हे कुलकर्ण्यांना अजून कळलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही कळलं नव्हतं. तुम्हीच नको म्हणालात ना, मग फुगता कशाला?

स्वतः नको म्हणणारा हा माणूस दुसऱ्याचं नको मात्र ऐकायला तयार नाही. सोसायटीतलं लग्न असो की सत्यनारायणाची पूजा, जिलबीची परात काकांच्याच हातात. पानावर आडवे हात धरा, पोट धरा, देवाची शपथ घ्या, काका समोरून हलत नाहीत. मीटर रीडिंग घ्यायला येणारा माणूस त्यांच्या घरातून कोकम सरबताचे दोन ग्लास पिऊन निघतो. एकदा तर एक बाई पोलिओचे डोस द्यायला आल्या. घरात लहान मूल नाही हे कळल्यावर त्या वळल्या, तर काकांनी त्यांना घावणे खाऊ घालूनच खाली सोडलं.

काकी होत्या तोवर काकांचं काय ते काकी बघायच्या. आपण चहाचं विचारलं की काका नको म्हणायच्या आत काकी सांगायच्या, "टाक गो अर्धा कप. त्यांच्या तोंडाक लागू नको." काकांना बघायला गेले होते तेव्हाची, म्हणजे खरं तर काका काकींना बघायला गेले होते तेव्हाची गोष्ट त्या अगदी रंगवून सांगायच्या. कणकवलीजवळचं गाव. पोह्यांची बशी पुढे आली. काकींचे वडील घ्या म्हणाले, मुलगा नको म्हणाला. आई घ्या हो म्हणाली, मुलगा पुन्हा नको म्हणाला. घरातल्यांचे चेहरे उतरले, मुलगी पसंत नाही बहुतेक. तेव्हा काकी स्वतः बाहेर आल्या, बशी त्याच्या नाकासमोर धरली आणि म्हणाल्या, "आता शेवटचं विचारतंय. ही बशी आत गेली की मी पण आत गेले." काकांनी दोन बशा पोहे खाल्ले. ही गोष्ट मी निदान दहा वेळा ऐकली, दहाही वेळा हसले आणि तिच्यातून कणभरसुद्धा काही शिकले नाही.

काकी दीड वर्षापूर्वी गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात बाई संपली.

त्यानंतर काका बारीक व्हायला लागले. आधी शर्ट ढगळ दिसायला लागले, मग घड्याळ मनगटावरून खाली घसरायला लागलं. त्यांना शुगर आहे म्हणून डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. रक्त, पोट, छाती, जे जे तपासता येतं ते सगळं. रिपोर्ट चांगले. पोळीवाली बाई सांगायची की काका जेवतच नाहीत, पोळ्या तशाच पडलेल्या असतात. लंडनहून त्यांची मुलगी प्राची रोज फोन करायची, बाबा जेवलात का, काका म्हणायचे हो. मग ती मला फोन करायची. मीही काही कमी केलं नाही हो. दिवसाआड डबा घेऊन जायचे. काका, उसळ आणलीय, देऊ? नको गो, आसा घरात. बरं. डबा परत माझ्या ओट्यावर. माणसाला नसेल खायचं तर आपण काय नाकात नळी घालणार? डॉक्टर गोंधळलेले, प्राची घाबरलेली आणि मी वैतागलेली.

शेवटी प्राचीने ठरवलं की बाबांना तीन महिने तिकडे न्यायचं, तिथल्या डॉक्टरांना दाखवायचं. ऑफिसच्या कामासाठी सतत विमानात असते ती. साठलेले सगळे पॉइंट खर्च करून तिने बाबांसाठी चक्क फर्स्ट क्लासचं तिकीट काढलं. माझी मुलगी तिथेच शिकते, तिच्या पदवीदानाला मी जाणारच होते, तर प्राचीने मला त्याच विमानाने जायला लावलं. काका पुढे राजासारखे, मी मागे शेपटीपाशी. पण फर्स्ट क्लासवाल्याला लाउंजमध्ये सोबत एक माणूस नेता येतो म्हणाली. "वर्षाताई, दुपारचं विमान आहे. बाबा सकाळची शुगरची गोळी घेतील आणि वर काही खाणार नाहीत. लाउंजमध्ये त्यांना जेवायला घाल, मगच विमानात बस. एवढं कर माझ्यासाठी." तिचा आवाज रडवेला झाला होता. मी म्हटलं, घालते.

फर्स्ट क्लासमध्ये आडवं झोपून जाता येतं हे ऐकल्यावर काकांनी विचारलं, "झोपून कशाक? माका काय झालाय?" तेवढी एक शंका सोडली तर विमानतळापर्यंत ते गप्प होते. प्राचीच्या लग्नातले बूट, मे महिन्यात स्वेटर आणि हातात कुळथाच्या पिठाची पिशवी.

लाउंजमध्ये मात्र आम्ही दोघंही बावरलो. मीही काही रोज जात नाही अशा ठिकाणी. गालिचा इतका मऊ की पाय टाकल्यावर आवाजच येईना. मोठ्या मोठ्या खुर्च्या, प्रत्येकीची पाठ दुसरीकडे. मधे लांबलचक टेबलावर जेवण मांडलेलं, वाफा निघतायत, आणि तिथे एक माणूस उभा नाही. जेवणारे वीसेक जण होते, सगळे एकेकटे, कोणी काचेकडे तोंड करून, कोणी भिंतीकडे. कोणी कोणाकडे बघतसुद्धा नव्हतं.

काका दारातच पिशवी धरून उभे राहिले. मी खुर्चीत टेकले, तरी ते उभेच.

"काका, बसा ना."

"यजमान खंय?"

मी म्हटलं, यजमान कोणी नाहीत, सगळं विमान कंपनीचं आहे, आपलं आपण बसायचं, आपलं आपण घ्यायचं. काकांनी त्या टेबलाकडे पाहिलं. एक सुटातला माणूस स्वतःच्या हाताने स्वतःच्या पानात बिर्याणी वाढून घेत होता. काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "घरातला कोण वारलाय काय त्याच्या? वाढूक कोणच नाय."

मी त्यांना हाताला धरून बसवलं. युनिफॉर्ममधली एक मुलगी आली, बोलण्यावरून आपल्याकडचीच. फार गोड हसून तिने विचारलं, "सर, जेवायला काय आणू?" काका म्हणाले, नको, नको. तिने विचारलं, मग ज्यूस तरी? काका म्हणाले, नको गो, काय नको. "ठीक आहे सर, काही लागलं तर सांगा हं," म्हणून ती गेली. काका ती गेली त्या दिशेला बघत राहिले. मग पुटपुटले, "सांगा म्हणे. मागून खायचा?"

मी ते ऐकलं, पण त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मला भूक लागली होती. मी नियमाप्रमाणे एकदा विचारलं, काका, तुमच्यासाठी आणू का काही? नको. बरं. बिर्याणी आणली, पनीर आणलं, एक चौकोनी केक आणला, त्याच्यावर सोन्याचा वर्ख होता. फुकटचं म्हणून नाही, पण होतंच तर. काकांसमोर बसून मी ते सगळं खाल्लं. मधेच प्राचीचा मेसेज आला, बाबा जेवले? मी काकांवर खेकसले. म्हटलं, काका, काय लावलंय हे तुम्ही, पोरगी तिकडे जीव टाकतेय, गोळी घेतलीय सकाळी, चक्कर येऊन पडलात तर मी कोणाला तोंड दाखवू? काका अपराध्यासारखे हसले. मला भीती वाटायला लागली होती आणि भीती वाटली की मी जास्त ओरडते.

मी हात धुवायला गेले आणि परत येऊन बघते तर खुर्ची रिकामी. कुळथाच्या पिठाची पिशवी तेवढी बसलेली.

काका टेबलापाशी होते. त्यांनी गुलाबजामचं भांडं उचललं होतं, दुसऱ्या हातात डाव. स्वेटरच्या बाह्या वर सारलेल्या. काचेकडे तोंड करून बसलेल्या एका म्हाताऱ्या गोऱ्या गृहस्थासमोर जाऊन ते उभे राहिले. त्याने मान हलवली, नको. काका उभेच. त्याने हसून हाताने नको म्हटलं. काका उभेच, डाव तसाच अधांतरी. गृहस्थाने इकडेतिकडे पाहिलं, खांदे उडवले आणि बशी पुढे केली. काकांनी दोन वाढले. मग सुटातला बिर्याणीवाला. तो काकांना मॅनेजर समजला आणि त्याने वायफायचा पासवर्ड विचारला. काका म्हणाले, "घ्या, घ्या, गरम आसत." दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा त्यानेही घेतले. मग एक मारवाडी आजी, मग लॅपटॉपवाली मुलगी. अख्ख्या लाउंजला कळेना हे काय चाललंय. पण माणसं मान वर करायला लागली, एकमेकांकडे बघून हसायला लागली, आणि लॅपटॉपवाली आजींना विचारायला लागली की तुम्ही कुठे चाललात. काकांचा चेहरा दीड वर्षात मी असा बघितला नव्हता.

युनिफॉर्ममधली मुलगी धावत आली. ओशाळी झाली बिचारी. सर, सर, आम्ही करतो ना, असं म्हणत तिने भांडं हातातून घेतलं, काकांना खुर्चीपर्यंत आणून बसवलं. मग म्हणाली, "सगळ्यांना वाढलंत, आता तुम्ही घ्या ना काहीतरी. भात आणू?"

"नको, नको."

"थोडासा तरी घ्या, सर."

"नको गो."

आणि तेवढ्यात काउंटरवरून तिला कोणीतरी हाक मारली. ती सॉरी म्हणून वळली.

मी काकांच्या शेजारीच उभी होते, म्हणून मला दिसलं. दुसरं नको म्हणता म्हणता काकांचा उजवा हात गुडघ्यावरून उठला होता. पान पुढे करताना उठतो तसा. ती वळली, तेव्हा तो हवेत क्षणभर थांबला आणि परत गुडघ्यावर जाऊन बसला.

चहा, सेक्रेटरीपद, पोहे, माझे सगळे डबे. अकरा वर्षं भिंतीला भिंत, आणि मी किती मठ्ठ असावी?

तशीच टेबलापाशी गेले. भात घेतला, वरण घेतलं, माशाची आमटी होती ती घेतली. ताट घेऊन काकांसमोर आले.

"काका, जेवा."

"नको गो."

"थोडा भात घ्या. वरण गरम आहे."

"नको, तू उगाच माझ्यासाठी..."

इथे माझ्या आईने भांडं झाकलं असतं. मी ताट धरून उभीच राहिले. म्हटलं, "काका, मी परत विचारतेय. आणि नको म्हणालात तर परत विचारणार आहे. तुम्ही जेवल्याशिवाय मी विमानात बसणार नाही."

काका डोळे खाली करून म्हणाले, "तू म्हणतंस तर घेतंय. पण थोडोच."

थोडा म्हणजे दोनदा भात. दुसरा वाढतानाही मला तीनदा विचारावं लागलं, पण आता मला त्याची लाज वाटत नव्हती. आमटी ओरपून झाल्यावर म्हणाले, माशाक चव नाय, पण गरम आसा. मग ताटात बोट फिरवत बसले.

"तिना कधी एकदा विचारून सोडल्यान नाय," ते म्हणाले. "मी चिडायचो. म्हणायचो, किती गो मागे लागतंस. आता नको म्हटला की लोक ऐकतत."

मला रडू फुटलं. त्या सोन्याच्या वर्खवाल्या लाउंजमध्ये मी नॅपकिनमध्ये तोंड खुपसून रडले. वर्षभर मी त्या माणसाच्या दारात जाऊन भरलेले डबे परत आणले होते, आणि वर या वागण्याला शिस्त म्हणत होते. काका घाबरले. म्हणाले, पाणी आणू? मी म्हटलं, नको. ते आणायला गेलेसुद्धा.

प्राचीला मी मेसेज केला की बाबा पोटभर जेवले, त्यांना काही झालेलं नाही, फक्त जेवायला तीनदा विचारत जा. उत्तर आलं, "आई विचारायची तसं?" मी लिहिलं, हो.

विमानाच्या दारात मी हवाईसुंदरीला बाजूला घेतलं आणि सांगितलं की पुढे परब म्हणून एक गृहस्थ बसलेत, त्यांना जे विचाराल ते तीनदा विचारा. तिने विचारलं, त्यांना कमी ऐकू येतं का? मी म्हटलं, नाही, तुम्ही विचारा फक्त. ती हो म्हणाली, पण तिच्या चेहऱ्यावरून तिला काही कळलेलं दिसलं नाही. मी माझ्या शेपटीकडच्या सीटवर जाऊन बसले.

दोनेक तासांनी पडदा सरकवून ती मागे आली. हातात चिनी मातीचा बाऊल, वर नॅपकिन झाकलेला. पुढच्या सरांनी तुमच्यासाठी पुडिंग पाठवलंय म्हणाली. मी म्हटलं, नको, माझं जेवण झालंय. ती म्हणाली, घ्या ना मॅडम. मी म्हटलं, नको, खरंच. ती हलली नाही. म्हणाली, "मॅडम, मला तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय परत यायचं नाही असं सांगितलंय."

मी बाऊल घेतला. विचारलं, ते जेवले का?

"जेवले ना. पण आधी मलाच विचारत होते, मी जेवले का म्हणून. मी हो म्हटलं, ते ऐकेचनात. परत विचारलं, मी परत हो म्हटलं." ती नॅपकिनची घडी करत थांबली. "तिसऱ्यांदा विचारल्यावर खरं सांगितलं. सकाळपासून काहीच खाल्लं नव्हतं मी."

मी चमचा उचलला. पुडिंग मला झेपणार नाही इतकं गोड होतं. बाऊल रिकामा करूनच परत दिला.